फुकटचा शब्द आणि भरकटलेला शब्द
(स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन वर्गात, नागपूर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



स्पर्धा परीक्षांच्या इंग्रजीविषयी चार शब्द बोलावेत अशी सूचना मला करण्यात आली. इंग्रजीचा प्रांत मोठा आणि मला दिलेली वेळ थोडी. म्हणून मी दोनच दोष निवडले आहेत. पहिला, वाक्यात आलेला फुकटचा शब्द, ज्याला आपण पुनरुक्ती म्हणतो. दुसरा, वाक्यात भरकटलेला शब्द. म्हणजे ज्याच्याविषयी तो काही सांगतो, त्याला सोडून भलत्याच्याच शेजारी जाऊन बसलेला शब्द किंवा शब्दसमूह.

हेच दोन दोष का निवडले, यालाही कारण आहे. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्या आपल्या मुलामुलींची एक तक्रार असते. ती म्हणतात, "इंग्रजी माध्यमातल्या मुलांना वाक्य कानाला कसे लागते यावरून उत्तर कळते. आमच्या घरी इंग्रजी कोणी बोलत नाही. मग आमचा कान तयार व्हायचा कसा?" ही तक्रार खोटी नाही. कोणते शब्दयोगी अव्यय लावावे, आर्टिकल कोठे घालावे, येथे कानाचा उपयोग होतोच. परंतु मी निवडलेल्या या दोन दोषांच्या बाबतीत कान बहुधा फसवतो. कारण ही चुकीची वाक्ये आपण कचेरीत, जाहिरातीत, वर्तमानपत्रात रोज ऐकतो आणि वाचतो. ज्याच्या कानावर जास्त इंग्रजी पडले, त्याच्या कानावर ही चूकही जास्त वेळा पडली. येथे जिंकतो तो विचार करणारा. आणि या विचाराची हत्यारे आपल्या मराठीत आणि उर्दूत तयार आहेत, हेच मला आज सांगावयाचे आहे.

प्रथम प्रश्नाचे स्वरूप पाहू. एक वाक्य दिलेले असते. त्यातील एका भागाखाली रेघ मारलेली असते, आणि त्या भागाऐवजी काय लिहिल्यास वाक्य सुधारेल याचे पर्याय खाली दिलेले असतात. किंवा वाक्याचे तीन-चार तुकडे करून चूक कोणत्या तुकड्यात आहे हे विचारलेले असते. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षा, बँकांच्या भरती परीक्षा, लष्करात अधिकारी होण्यासाठी लोकसेवा आयोग घेत असलेली सीडीएस परीक्षा, या सर्वांत असे प्रश्न येतात. सीडीएसच्या इंग्रजीच्या पत्रिकेत १२० प्रश्न, १०० गुण आणि दोन तास असतात. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. उत्तर चुकले तर त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश भाग कापला जातो. अशा ठिकाणी "हे बरे वाटते" म्हणून खूण करणे परवडत नाही. खूण का केली, याचे एक वाक्यात उत्तर देता आले पाहिजे.

व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेशासाठी जगभर होणाऱ्या जीमॅट परीक्षेत हा वाक्यसुधारणेचा प्रश्न अनेक वर्षे होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये आलेल्या तिच्या नव्या स्वरूपातून तो वगळला गेला. त्यामुळे काही विद्यार्थी विचारतात की आता हे शिकून काय उपयोग? त्यांना माझे उत्तर असे की एका परीक्षेतून प्रश्न गेला तरी आपल्याकडच्या परीक्षांतून तो गेलेला नाही. आणि परीक्षा संपल्यावरही अर्ज, करारनामा, नोटीस हे कागद जन्मभर आपल्यासमोर येतच राहतात.

आता पहिला दोष. पुनरुक्ती म्हणजे काय, हे समजण्यासाठी इंग्रजीकडे जाण्याची गरज नाही. आपण "पिवळा पीतांबर" म्हणतो आणि हसतो, कारण पीत म्हणजेच पिवळा. पण "शबे बरातची रात" म्हणताना आपल्याला हसू येत नाही. शब म्हणजे रात्र. मग पुन्हा रात कशाला? "आबे जमजमचे पाणी" यात आब म्हणजे पाणीच. "माहे रमजानचा महिना" यात माह म्हणजे महिनाच. येथे झाले असे की शब्दाचा अर्थ एका भाषेत राहिला, आपण बोलतो दुसऱ्या भाषेत, आणि आतला अर्थ दिसेनासा झाल्यामुळे तो आपण पुन्हा बाहेरून जोडला. बँकेच्या दारात "एटीएम मशीन" म्हणतो तेव्हाही हेच होते. त्यातला शेवटचा एम म्हणजे मशीन. "पिन नंबर" मधला एन म्हणजे नंबर.

इंग्रजीतली पुष्कळशी पुनरुक्ती याच जातीची आहे. "रिटर्न" या शब्दाच्या पोटात "परत" हा अर्थ आहे. म्हणून "रिटर्न बॅक" हे "शबे बरातची रात" सारखे झाले. "रिपीट" मध्ये "पुन्हा" आहे, म्हणून "रिपीट अगेन" नको. "सुपीरिअर" मध्ये "अधिक" आहे, म्हणून "मोअर सुपीरिअर" नको. "डिस्कस" म्हणजे एखाद्या गोष्टीविषयी चर्चा करणे; "विषयी" त्यात आलेच, म्हणून "डिस्कस अबाऊट" नको. तेव्हा पहिला नियम असा की शब्द पाठ करताना त्याच्या पोटात काय आहे तेही पाठ करावे.

येथे कोणी म्हणेल, आपल्या भाषेत तर दुहेरी शब्दांना शोभा मानतात. खरे आहे. कागदपत्र, धनदौलत, लाजशरम, रीतिरिवाज, बाजारहाट हे शब्द पाहा. कागद फारसीतून आला, पत्र संस्कृतातून. धन संस्कृत, दौलत अरबी. लाज आपली, शरम फारसी. बाजार फारसी, हाट देशी. शेकडो वर्षे दोन भाषा शेजारी नांदल्या, एकाच गोष्टीची दोन नावे एकत्र आली, आणि त्यांची जोडी जमली. हा आपल्या सहजीवनाचा ठेवा आहे. त्यात दोष मुळीच नाही. इंग्रजीतही हे घडलेले आहे. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकले आणि दरबारात व कोर्टात फ्रेंच आली. तेव्हापासून वकिलांच्या लिखाणात देशी आणि परका असे दोन्ही शब्द जोडीने येऊ लागले. "विल अँड टेस्टमेंट" मध्ये विल जुना इंग्रजी, टेस्टमेंट लॅटिन. "गुड्स अँड चॅटल्स" मध्ये गुड्स इंग्रजी, चॅटल्स फ्रेंच. नागपुरात १९३६ साली हायकोर्ट आले आणि आज येथे मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आहे, तेव्हा अशा जोड्या आपल्या वकील मंडळींच्या परिचयाच्या आहेत. पण परीक्षेच्या वाक्याचा नियम वेगळा. तेथे प्रत्येक शब्दाने स्वतःचे काम दाखवावे लागते. एका घरची रीत दुसऱ्या घरी चालत नाही, इतकाच याचा अर्थ.

आतापर्यंतची उदाहरणे सोपी होती, कारण दोन्ही शब्द शेजारी होते. परीक्षक इतका भोळा नसतो. तो एक शब्द वाक्याच्या सुरुवातीला ठेवतो आणि त्याचा जुळा भाऊ शेवटी. "दि अ‍ॅन्युअल फी ऑफ द हॉस्टेल इज ट्वेल्व्ह थाउजंड रुपीज पर इयर." येथे "अ‍ॅन्युअल" म्हणजे वार्षिक, आणि "पर इयर" म्हणजे दर वर्षी. दोघांपैकी एकालाच ठेवा. "द रीझन फॉर हिज अ‍ॅब्सेन्स इज बिकॉज ही वॉज इल." "त्याच्या गैरहजेरीचे कारण कारण तो आजारी होता", असे हे झाले. "रीझन" आल्यावर "बिकॉज" चे काम उरत नाही; तेथे "दॅट" पुरेसे आहे. "इट इज पॉसिबल दॅट ही मे पर्हॅप्स कम." शक्यता तीनदा सांगितली, म्हणून तो येण्याची शक्यता तिप्पट झाली नाही. अशा वाक्यांसाठी मी विद्यार्थ्यांना सांगतो की अर्थाची यादी करा, शब्दांची नको. काळ कितीदा सांगितला? कारण कितीदा? शक्यता कितीदा? वाढ कितीदा? ज्या खात्यात दोन नोंदी सापडतील, तेथे थांबा.

एक पुनरुक्ती मात्र खास आपली आहे, आणि ती शिक्षकांनी वेगळी शिकवावयास हवी. मराठीत वाक्ये जोडीने चालतात. जरी म्हटले की तरी येतो. जो म्हटले की तो येतो. उर्दूत अगरचे म्हटले की लेकिन किंवा फिर भी येते. ही आपल्या वाक्याची सुंदर बांधणी आहे. "जरी पाऊस होता तरी तो आला" हे शुद्ध मराठी. पण विद्यार्थी हेच इंग्रजीत नेतो आणि लिहितो, "ऑलदो इट वॉज रेनिंग, बट ही केम." इंग्रजीला एकच दोरी पुरते. "ऑलदो" ठेवा किंवा "बट" ठेवा. तसेच "जो माणूस काल आला तो माझा मामा आहे" यावरून "द मॅन हू केम यस्टर्डे, ही इज माय अंकल" असे वाक्य तयार होते. त्यातला "ही" हा आपला "तो" आहे. मराठीत तो हवाच. इंग्रजीत "द मॅन" ने ती जागा आधीच घेतली आहे. ज्या मुलाला हे कळले की चूक अज्ञानातून आलेली नाही, आपल्या भाषेच्या सवयीतून आलेली आहे, तो ती चूक लवकर सोडतो. त्याला लाज वाटण्याचे कारण उरत नाही.

आता एक इशारा. पुनरुक्ती शिकल्यावर काही विद्यार्थी सर्वांत आखूड पर्यायावर डोळे मिटून खूण करतात. तो सापळा आहे. हे वाक्य पाहा: "द पॉप्युलेशन ऑफ नागपूर इज लार्जर दॅन दॅट ऑफ वर्धा." शेवटचे "दॅट ऑफ" फुकटचे वाटते. पण ते काढले तर नागपूरच्या लोकसंख्येची तुलना वर्ध्याच्या लोकसंख्येशी न होता खुद्द वर्धा शहराशी होते. मराठीत आपण "नागपूरची लोकसंख्या वर्ध्यापेक्षा जास्त" असे सहज म्हणतो, म्हणून ही अडचण लक्षात येत नाही. तेव्हा कसोटी लांबीची लावू नका. शब्दावर बोट ठेवा, तो झाका, आणि विचारा की अर्थ तसाच राहिला काय? राहिला तर तो शब्द फुकटचा. बदलला किंवा लंगडा झाला तर तो शब्द कामाचा.

आपल्याकडच्या "कझिन ब्रदर" चे उदाहरण या दृष्टीने मौजेचे आहे. चुलतभाऊ, मामेबहीण यात नाते आणि भाऊ की बहीण, दोन्ही कळते. इंग्रजी "कझिन" मधून दुसरी गोष्ट कळत नाही, म्हणून आपण "ब्रदर" जोडतो. म्हणजे हा शब्द काहीतरी सांगतो, अगदीच रिकामा नाही. तरीही प्रमाण इंग्रजीत ती रीत नाही, आणि परीक्षेत तो दोषच धरला जातो. असे थोडे अपवाद पाठच करावे लागतात.

आता दुसऱ्या दोषाकडे वळू. वाक्यातला एखादा शब्द किंवा तुकडा दुसऱ्या शब्दाविषयी जास्त माहिती देतो. त्याला इंग्रजीत मॉडिफायर म्हणतात. आपण विशेषक म्हणू. विशेषकाविषयी एकच प्रश्न विचारावयाचा असतो: हा कोणाचा?

मराठीत या प्रश्नाचे उत्तर बहुधा शब्दाच्या शेवटीच लिहिलेले असते. "जुन्या मशिदीची भिंत" आणि "मशिदीची जुनी भिंत" यांत घोटाळा होत नाही. जुन्या म्हटले की मशीद जुनी, जुनी म्हटले की भिंत जुनी. उर्दूतही "पुरानी मस्जिद का दरवाजा" आणि "मस्जिद का पुराना दरवाजा" यांत तोच बंदोबस्त आहे. "कामठीत राहणाऱ्या शिक्षकांचा मुलगा" आणि "शिक्षकांचा कामठीत राहणारा मुलगा" ही दोन वाक्ये कोणालाही वेगळी कळतात. पण इंग्रजीत "द सन ऑफ द टीचर हू लिव्हज इन कामठी" म्हटले, तर कामठीला कोण राहतो? मुलगा की शिक्षक? "हू" या शब्दावर कोणाचेही नाव लिहिलेले नाही. जुन्या इंग्रजीत नामांना आणि विशेषणांना आपल्यासारखी विभक्तीची रूपे होती. पुढे काही शतकांत ती बहुतेक गळून गेली. रूपे गेल्यावर नाते दाखवण्याचे काम जागेवर येऊन पडले. म्हणून इंग्रजीत शब्दाचा शेजारी कोण, याला एवढे महत्त्व आहे.

आपल्या संत्र्यांचे उदाहरण घ्या. "ही सोल्ड ऑरेंजेस टु अ टीचर इन अ टॉर्न बास्केट." लिहिणाऱ्याच्या मनात संत्री फाटक्या टोपलीत होती. वाक्यात मात्र शिक्षकच टोपलीत बसले आहेत. मराठीत "फाटक्या टोपलीतली संत्री" म्हटले की "तली" हा प्रत्यय संत्र्यांना धरून ठेवतो. इंग्रजीत धरून ठेवणारे काही नाही, म्हणून तो तुकडा उचलून संत्र्यांच्या शेजारी न्यावा लागतो: "ही सोल्ड ऑरेंजेस इन अ टॉर्न बास्केट टु अ टीचर." तेव्हा वाक्य वाचताना मनातल्या मनात एक मराठी भाषांतर करा. "तला, तली, तले" किंवा "णारा, णारी, णारे" यातले कोणते रूप लावावे याचा निर्णय करता आला नाही, तर समजा की इंग्रजी वाक्यात दोष आहे. हे हत्यार इंग्रजी बोलणाऱ्या घरातल्या मुलाजवळ नाही. ते तुमच्याजवळ आहे.

याहून कठीण प्रकार म्हणजे वाक्याच्या सुरुवातीला येणारे "आयएनजी" चे रूप. "कमिंग आऊट ऑफ द स्टेशन, द सीताबर्डी फोर्ट वॉज सीन." आपल्या विद्यार्थ्याला यात काहीच खटकत नाही. का खटकत नाही? कारण तो मनात म्हणतो, "स्टेशनातून बाहेर येताना सीताबर्डीचा किल्ला दिसला", आणि हे मराठी अगदी बरोबर आहे. "ताना" या रूपाला दोन वेगळे कर्ते चालतात: मी जेवताना फोन वाजला, आम्ही शाळेत जाताना पाऊस आला. पण इंग्रजीतल्या या रूपाला दोन कर्ते चालत नाहीत. स्वल्पविरामानंतर जो कर्ता येईल, तोच स्टेशनातून बाहेर येणारा. म्हणजे १८१७ च्या लढाईत जी टेकडी जागची हलली नाही, तिच्यावरचा किल्ला या वाक्यात स्टेशनातून चालत बाहेर येतो.

यावर उपाय असा. अशा वाक्याचे भाषांतर "ताना" ने न करता "ऊन" ने करा. "ऊन" ला साधारणपणे एकच कर्ता लागतो. "स्टेशनातून बाहेर येऊन किल्ला दिसला" म्हणताच कान टवकारतात. "शाळेत जाऊन पाऊस सुरू झाला" हे कोणी मराठी माणूस बोलणार नाही. उर्दू माध्यमाच्या विद्यार्थ्यांनी "जाते वक्त" सोडून "जाकर" लावावे. तेथेही तोच अनुभव येईल. वाक्य खटकले की समजावे, इंग्रजीत दोष आहे, आणि दोन मार्गांपैकी एक घ्यावा. एक तर खरा कर्ता स्वल्पविरामानंतर आणावा: "कमिंग आऊट ऑफ द स्टेशन, वी सॉ द सीताबर्डी फोर्ट." नाही तर पहिल्या तुकड्याला त्याचा स्वतःचा कर्ता द्यावा: "अ‍ॅज वी केम आऊट ऑफ द स्टेशन, द फोर्ट वॉज सीन." या कसोटीला दोन अपवाद लक्षात ठेवा. "त्याला मुंबईला जाऊन दोन वर्षे झाली" अशा काळ मोजणाऱ्या वाक्यात आणि अर्जातल्या "असून" मध्ये कर्ता बदलतो. एवढे सोडल्यास कसोटी भरवशाची आहे.

तिसरा प्रकार "ओन्ली" या शब्दाचा. येथे तर मराठीला तोड नाही. आपल्याजवळ "च" आहे. "मीच रहीमला दहा रुपये दिले", "मी रहीमलाच दहा रुपये दिले", "मी रहीमला दहाच रुपये दिले". एक अक्षर सरकते आणि अर्थ बदलतो. इंग्रजीत "ओन्ली" ला असेच सरकवावे लागते. "आय ओन्ली गेव्ह टेन रुपीज टु रहीम" यात बोलणारा आवाजाच्या चढउताराने अर्थ सांभाळून नेईल. पण कागदाला आवाज नसतो. म्हणून "च" जेथे लागेल, त्याच शब्दाच्या शेजारी "ओन्ली" बसवा. "नियरली" आणि "ऑलमोस्ट" यांचेही तसेच. "ही नियरली लॉस्ट अ थाउजंड रुपीज" म्हणजे हजार रुपये हरवता हरवता राहिले. "ही लॉस्ट नियरली अ थाउजंड रुपीज" म्हणजे हजाराच्या आसपास खरोखरच गेले. पहिल्यात खिसा भरलेला आहे, दुसऱ्यात रिकामा.

शेवटचा प्रकार म्हणजे दोन्हीकडे पाहणारा शब्द. इंग्रजीत त्याला तिरळा मॉडिफायर असेच म्हणतात. "स्टुडंट्स हू रीड ऑफन पास." हा "ऑफन" कोणाचा? वारंवार वाचणारे विद्यार्थी पास होतात, की वाचणारे विद्यार्थी बरेचदा पास होतात? दोन्ही अर्थ निघतात, म्हणून वाक्य सदोष. अशा शब्दाला एका बाजूला ओढून स्थिर करावे लागते.

कोणी म्हणेल, हे सारे परीक्षकांचे खेळ आहेत. जगात अर्थ समजला म्हणजे झाले. त्यासाठी अमेरिकेतल्या मेन राज्यातला एक खटला सांगतो. तेथे जादा कामाच्या वेतनाचा कायदा होता. नाशवंत खाद्यपदार्थांविषयीच्या कोणत्या कामांना जादा वेतन मिळणार नाही, याची त्यात यादी होती. यादीच्या शेवटी "पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन" असे शब्द होते, आणि "शिपमेंट" नंतर स्वल्पविराम नव्हता. ओकहर्स्ट डेअरीच्या गाडीचालकांनी विचारले, "डिस्ट्रिब्यूशन" हे वेगळे काम आहे, की "पॅकिंग" चाच तो एक हेतू आहे? आम्ही माल वाटतो, बांधत नाही. माल बांधणे एवढेच काम वगळले असेल, तर आम्हाला जादा वेतन मिळालेच पाहिजे. मार्च २०१७ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने शब्दरचना संदिग्ध ठरवून चालकांच्या बाजूने निर्णय दिला, आणि २०१८ साली कंपनीने पन्नास लाख डॉलर देऊन तडजोड केली. एक तुकडा कोणाचा, या प्रश्नाची ही किंमत आहे.

आपल्या नोटीस बोर्डावरही असे प्रश्न उभे राहतात. समजा, एखाद्या शिष्यवृत्तीच्या नोटिशीत लिहिले आहे, "डॉटर्स ऑफ एम्प्लॉईज हू हॅव पास्ड द टेन्थ मे अप्लाय." दहावी कोणी पास व्हावयाची? मुलीने की कर्मचाऱ्याने? हुशार मुलीचे वडील पाचवी शिकलेले असले, आणि कारकुनाने दुसरा अर्थ घेतला, तर तिचा अर्ज बाजूला पडेल. नोटीस लिहिणाऱ्याचा असा हेतू नव्हता, हे सांगायला ती मुलगी कोणाकडे जाईल? म्हणून मी शिक्षक आणि पदाधिकारी यांनाही नम्र विनंती करतो की नोटीस लावण्यापूर्वी प्रत्येक तुकड्याला "तू कोणाचा?" असे एकदा विचारावे.

आणि विद्यार्थ्यांनी आपला अर्ज पाहावा. फीमाफीच्या अर्जात पिढ्यान्‌पिढ्या एक वाक्य चालत आले आहे: "बीइंग अ पुअर स्टुडंट, काइंडली ग्रँट मी फ्रीशिप." आता कसोटी लावा. "काइंडली ग्रँट" याचा कर्ता कोण? ज्यांना विनंती केली ते हेडमास्तर. म्हणजे या वाक्यात गरीब विद्यार्थी आहेत हेडमास्तर, आणि फीमाफी मिळणार तुम्हाला! हेडमास्तर प्रेमळ असतात, ते अर्थ समजून घेतात. पण पुढे नोकरीच्या अर्जात "हॅविंग पास्ड बी.एस्सी., माय एज इज ट्वेंटी-टू" असे लिहिले, तर तुमच्या वयाने बी.एस्सी. केली असा अर्थ होतो, आणि तो अर्ज वाचणारा माणूस तुम्हाला ओळखत नसतो. त्याच्यापुढे तुमची हुशारी, तुमची मेहनत, तुमच्या आईवडिलांनी काढलेले कष्ट यांपैकी काही नसते. त्याच्यापुढे असते ते फक्त वाक्य.

तेव्हा घरी जाऊन करावयाचा अभ्यास असा. रोज दहा प्रश्न घ्या. पर्याय हाताने झाका. प्रथम वाक्य सावकाश वाचा आणि अर्थाची यादी करा. एकच अर्थ दोनदा आला काय ते पाहा. मग प्रत्येक विशेषकापासून ज्याचा तो आहे त्या शब्दापर्यंत पेन्सिलीने रेघ ओढा. रेघ मध्येच दुसऱ्या नामावरून जात असेल, किंवा तिला पोहोचायला शब्दच नसेल, तर तेथे दोष आहे. सुरुवातीला "आयएनजी" असेल तर "ऊन" लावून पाहा, "ओन्ली" असेल तर "च" लावून पाहा. दोष काय आहे हे मराठीत किंवा उर्दूत एका ओळीत लिहा. त्यानंतरच पर्यायांवरचा हात काढा, आणि तो दोष ज्या पर्यायात गेला असून नवा दोष आलेला नाही, त्यावर खूण करा. सुरुवातीला एका प्रश्नाला पाच मिनिटे लागतील, लागू द्या. सवय झाली की पेन्सिलीची रेघ डोळ्यांनीच ओढली जाते, आणि परीक्षेतले एक मिनिट पुरू लागते.

शिक्षकांना माझे एवढेच सांगणे आहे की इंग्रजीच्या तासाला मराठीचा किंवा उर्दूचा शब्द उच्चारू देऊ नये हा आग्रह या धड्यापुरता तरी बाजूला ठेवावा. आपल्या पूर्वीच्या पिढ्या तर्खडकरांच्या पाठमालेतून भाषांतर करीत करीतच इंग्रजी शिकल्या. स्वतःच्या भाषेची रचना ज्याला स्पष्ट दिसते, त्याला दुसऱ्या भाषेतला बिघाड लवकर दिसतो.